फेल म्हणजे काय, ते त्यांना सांगायचं आहे

११ ऑक्टोबर

शेजारच्या हेस्टरकडे इस्टेटीचं, म्हणजे जमीनमालकाच्या कचेरीचं, पत्र आलं. तिने ते माझ्या हातात दिलंच नाही. शेगडीपाशी उभी राहून स्वतःच मोठ्याने वाचलं आणि दर ओळीला त्या कागदालाच उलट उत्तर दिलं. मी आपला चहा पीत बसलो. जॉस जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून भांडायला नवरा नाही म्हणून ती कागदांशी भांडते.

मजकूर असा: तिच्या मेंढ्या नव्या लागवडीत दोनदा सापडल्या, शेकडो रोपांचे शेंडे खाल्ले. कळपाने आपली जागा धरून राहायला हवं, असं कूळकरारात आहे. तिसऱ्यांदा सापडल्या तर फेलवरची, म्हणजे वरच्या डोंगरावरची, चराई रद्द. चराई गेली की कळप विकावा लागणार, आणि कळप गेल्यावर हाय रिगच्या घरात राहून ती काय खिडक्या पुसत बसणार?

मला मात्र चावली ती वेगळीच ओळ. पत्राच्या सुरुवातीलाच, वकिली थाटात: ‘या पत्रात फेल म्हणजे गडग्याच्या वरची डोंगराळ पडीक जमीन.’

“पडीक!” हेस्टर म्हणाली. “एकशे चाळीस मेंढ्या इतकी वर्षं वारा खाऊन जगल्या वाटतं!”

मी म्हटलं, “एका ओळीत उरकला गं त्यांनी.”

“मग तू लिही चार ओळी. पंधराव्या वर्षी शाळा सोडलीस आणि तेव्हापासून ती फाटकी डिक्शनरी घेऊन बसतोस. होऊ दे की त्या ओझ्याचा कधीतरी उपयोग.”

ती चेष्टेत म्हणाली. मी चेष्टेत घेतलं नाही. त्र्याहत्तर वर्षं हा शब्द माझ्या तोंडात आहे. त्याचे असतील तेवढे अर्थ गोळा करणार आणि इस्टेटीच्या कारभाऱ्यासमोर ठेवणार. पडीक म्हणे.

१३ ऑक्टोबर

कारभारी प्रेंटिस स्वतः माझ्या दारात. शहरी बूट, दोन्ही ओले. त्याला खुर्ची दिली, मोजे शेगडीवर वाळत घालायला सांगितले. तो नको म्हणाला आणि तसाच ओल्या पायांनी बसला.

“मिस्टर टॅलेंटायर, उन्हाळ्यात लागवडीच्या वरचा चाळीस यार्ड गडगा तुम्हीच बांधलात ना? त्यावरून मेंढ्या उड्या मारत असतील का?”

मी म्हटलं, “साहेब, माझ्या गडग्यावरून मेंढी गेली तर तिला पंख फुटले असतील. लागवडीभोवतीची तुमची जाळी बघा. फाटक बघा.”

“जाळी बघितली. फाटकाला कुलूप आहे.” मग जरा थांबून म्हणाला, “एक मला खरंच कळत नाही. वर कुठे कुंपण नाही. मग मेंढ्या जागा धरतात म्हणजे नक्की काय करतात?”

प्रश्न चांगला होता म्हणून नीट उत्तर दिलं. सांगितलं, कोकरू आईच्या मागून चालतं. आई जिथे चरते, पावसात जिथे आडोशाला उभी राहते, ओढा जिथे ओलांडते, ते सगळं ते पहिल्याच उन्हाळ्यात शिकतं आणि पुढे आपल्या कोकराला शिकवतं. म्हणून हाय रिगच्या मेंढ्या शेजारच्या फेलवर जात नाहीत, अडवायला काठीसुद्धा नसली तरी. असा कळप बाजारात मिळत नाही. एकदा विकला की संपला.

“म्हणजे सवय,” तो म्हणाला.

“तुम्ही आईच्या भाषेत बोलता त्याला सवय म्हणता का?”

तो गेला. माझ्या गडग्याला नावं ठेवतो! त्याच्या कचेरीने दिलेला नकाशा अजून माझ्याकडे आहे, पाटीवर रेघ मारावी तसा सरळसोट. नकाशा काढणाऱ्याने जन्मात दगड उचललेला नसणार. फेब्रुवारीच्या वादळात पडायच्या आधी गडगा जसा होता तसाच मी उभा केला. तेच पायाचे दगड, तेच बांधणीचे लांब दगड, वळणाजवळ खाली मेंढ्यांचं भोक, तेही त्याच जागी, त्याच्या माथ्यावर तोच आडवा दगड. सत्तावन्न वर्षं हे काम करतोय. मला कुणी पाटी दाखवू नये.

१७ ऑक्टोबर

विनी डॉसनकडे गेलो. पोस्टाच्या मागच्या खोलीत ती कपडे शिवून देते आणि थंडीत मागावर गालिचे विणते. म्हटलं, “विनी, फेल म्हणजे काय?”

“काका, बरं वाटत नाहीये का? खिडकीतून बाहेर बघा.”

“तो नाही. तुझ्या कामातला.”

मग ती खुलली. कुणाची तरी जीन पँट पुढ्यात ओढली आणि मांडीच्या आतली शिवण उलटून दाखवली. दोन कापडं जोडायची, एक कड दुसरीवर दुमडायची, पाडून सपाट करायची, वरून पुन्हा टीप. आत एकही धागा मोकळा राहत नाही. ती शिवण म्हणजे फेल. “कापड फाटेल, पण ही शिवण नाही उसवणार.”

नंतर मागाशी नेलं. फणीने बाण्याचा धागा ठोकून बसवला आणि म्हणाली, “या धाग्यावर बोट ठेवा. इथवर कापड झालं. याच्या पुढे नुसते ताणे. ही जी कड आहे ना, झालेल्याची आणि व्हायच्या असलेल्याची, तिलाही फेल म्हणतात. माझ्या आजीचा शब्द. रोज ती पुढे सरकते.”

मी बोट तिथेच ठेवून उभा. दोन नवे अर्थ एका खोलीत! विनीने मला आल्याचा केक दिला आणि विचारलं, “हे सगळं कुणासाठी चाललंय, काका?”

म्हटलं, “इस्टेटीसाठी.”

ती “हं” म्हणाली आणि उगाच हसत बसली. बायकांना कशाचं हसू येईल सांगता येत नाही.

२० ऑक्टोबर

हेस्टरच्या कोठारात मेलेल्या मेंढीचं कातडं सोलत होतो. ती सुरी चालवते, मी धरतो. तिला विचारलं. मान वर न करता म्हणाली, “हे काय, हातात धरलंयस की. कातडं लोकरीसकट असलं की फेल. माझे आजोबा गाडी घेऊन गावोगाव हेच विकत घ्यायचे. आईच्या लग्नात मुलाकडचे म्हणत होते, कातडेवाल्याची पोर, वास येईल.”

“मग आला का?”

“माझ्या बापाला सर्दी असायची बारा महिने. जमलं.”

घरी येऊन डिक्शनरी काढली. तिला पुठ्ठा नाही आणि शेवटची चाळीस पानं नाहीत, पण नशिबाने फेल, एफ-ई-एल-एल, मधला आहे. डोंगर हा अर्थ समुद्रापलीकडच्या उत्तरेच्या लोकांनी आणला, होड्यांतून. कातडं हा इथलाच, फार जुना. झाड पाडणं हा तिसरा. पडणे आणि पाडणे यांचं जे नातं तेच तिथे आहे. माझा बाप लाकूडतोड्या होता, हा अर्थ मी चालायच्या आधी शिकलो. चौथा फ्रान्सातून आला: निर्दय, काळजाचा दगड असलेला. तो मी पेन्सिलीने दोनदा अधोरेखित केला आणि समासात प्रेंटिसचं नाव लिहिलं. मग खोडलं. बिचाऱ्याचे बूट ओले होते.

हेस्टरने माझं फाटलेलं जॅकेट ठेवून घेतलंय. म्हटलं विनीकडे टाकतो, तर म्हणे, “विनीला गालिचे आहेत.” असतील. पण हेस्टरलाही एकशे चाळीस मेंढ्या आहेत.

२६ ऑक्टोबर

झालं. तिसऱ्यांदा. अकरा मेंढ्या, सकाळी आठला, लागवडीच्या आत, ओढ्याकाठच्या मोठ्या दगडाच्या आडोशाला मजेत रवंथ करत. प्रेंटिसने फोटो काढलेत.

मी पोचलो तेव्हा हाय रिगच्या अंगणात दोघांची जुंपली होती.

“मिसेस बर्कबेक, जाळी अखंड, फाटकाला कुलूप, गडगा उभा. मेंढ्या आत कशा जातात? कुणीतरी सोडतंय असं आम्हाला म्हणावं लागेल.”

“कुणीतरी म्हणजे मी.”

“मी नाव घेतलं नाही.”

“घे की! जीभ झडेल का? या अंगणात चाळीस वर्षं उभी आहे मी. मला रोपं खायला घालायची असती तर दिवसाढवळ्या कळप नेऊन तुझ्या कचेरीच्या कुंड्यांपासून सुरुवात केली असती!”

प्रेंटिस म्हणाला, कळप जागा धरत नाही हे आता सिद्ध झालं. लागवडीची उतरण कधीच या कळपाची नव्हती, नकाशात गडग्यापाशी हद्द संपते. हेस्टर म्हणाली, जॉसचा बाप हिवाळ्यात तिथेच कळप उतरवायचा. तो म्हणाला, कागद दाखवा. कागद कुठला असायला!

ती लवाद मागणार म्हणाली. तो तिचा हक्क आहे. लवादाची बाई १४ नोव्हेंबरला गावच्या वाचनघरात दोन्ही बाजू ऐकणार. गावातल्या कुणालाही पाच मिनिटं बोलता येईल.

मी लगेच नाव दिलं. हेस्टर म्हणाली, “काय बोलणार आहेस?”

“फेल म्हणजे काय ते.”

“एमॉस, माझं घर जायची वेळ आलीय, आणि तू शब्द सांगणार.”

“त्यांनी भांडणाची सुरुवातच एका शब्दाने केलीय. मीही तिथूनच सुरू करणार.”

ती तरातरा कळपाकडे निघून गेली. पण मनातून मला कळत नाही, मेंढ्या जातात कुठून? माझा गडगा तर चिरा हलणार नाही असा आहे.

२९ ऑक्टोबर

कोंबड्यांना दाणे टाकायला गेलो आणि दवावरून घसरून आपटलो. गुडघा भोपळ्याएवढा झालाय. पडलो याला आमच्याकडे जो शब्द आहे तोही तोच, फेल. यादीत सातवा अर्थ म्हणून घातला. हा डिक्शनरीतून घेतला नाही, स्वतःच्या हाडांतून घेतला.

हेस्टर मटण-बटाट्याचं टेटी-पॉट घेऊन आली, वर काळ्या सॉसेजचे तुकडे. शिवाय सकाळ-संध्याकाळ माझ्या कोंबड्या बघते म्हणाली. वाटेत एक टेकाड आहे. म्हटलं, कशाला एवढी पायपीट? तर म्हणते, “कोंबड्यांसाठी.” कोंबड्यांवर तिचा फार जीव.

२ नोव्हेंबर

हे लिहायला हात वळत नाही.

काठी टेकत टेकत गडग्यापर्यंत गेलो. एरवी वीस मिनिटं लागतात, आज सव्वा तास लागला. म्हटलं, निदान लवादासमोर छाती ठोकून सांगता येईल की चाळीसही यार्ड तपासले. वरून सगळा भक्कम. मग वळणाशी नेच्याचं वाळलेलं रान काठीने बाजूला केलं.

भोक. माझं भोक. माथ्याच्या आडव्या दगडाला राखाडी लोकरीचा झुपका अडकलेला, ताजा. खाली लेंड्या. पलीकडे उतरणीवर पायवाट, सरळ ओढ्याकाठच्या त्या मोठ्या दगडाकडे.

नकाशात भोक नव्हतं. त्यांना नको होतं. नुसता गडगा हवा होता. आणि मी शहाणा! माझ्या हातांनी विचारलंसुद्धा नाही. दगड जिथे होता तिथे ठेवत गेले. आता आठवतंय, ते भोक साधताना मी शीळ घालत होतो.

तीन आठवडे सगळे जाळी बघतायत, फाटक बघतायत, हेस्टरला चोर म्हणतायत आणि चोर इथे बसून शब्द गोळा करतोय.

खोटं कशाला लिहू? पहिला विचार असा आला की बुजवून टाकावं. सात-आठ दगड. अर्ध्या तासाचं काम, गुडघा दुखला तरी. कुणाला कळणार नाही, मेंढ्या जायच्या थांबतील, माझं नावही राहील. एक दगड उचललाही. भोकात ठेवला. बरोब्बर बसला, मेला. आणि मग मला तो तिथे बघवेना. पुन्हा काढला. हात माथ्याच्या दगडाखाली गेला तेव्हा लागला तो खालून गुळगुळीत, ओशट, काचेसारखा.

घरी आलो. जेवलो नाही.

३ नोव्हेंबर

हेस्टरला सांगितलं. ती माझ्या जॅकेटची बाही शिवत होती. सगळं ऐकून घेतलं. सुई खाली ठेवली.

“भोक जिथे होतं तिथेच ठेवलंस? इंच इकडे-तिकडे नाही?”

“नाही.”

“दगड तेच?”

“हेस्टर, शिव्या दे. हे काय विचारतेस?”

ती उठली, खिडकीशी गेली, माझ्याकडे पाठ करून बराच वेळ उभी राहिली. खांदे हलत होते. रडवलं मी तिला. चाळीस वर्षांत जॉसच्या दफनालासुद्धा रडली नव्हती. वळली तेव्हा डोळे खरंच ओले, पण चेहरा विचित्र, लाल. म्हणाली, “चौदा तारखेला हे सगळं जसंच्या तसं बोलायचं. एक अक्षर गाळायचं नाही. नकाशा घेऊन जायचा. आणि तोवर त्या भोकाला हात लावलास तर तुझा दुसरा गुडघा मी मोडेन.”

सगळ्या गावासमोर माझी धिंड काढणार. काढू दे. माझी चूक, मीच निस्तरणार.

९ नोव्हेंबर

एडका सोडायचे दिवस जवळ आले म्हणून तिने कळप खाली आणून घराजवळच्या कुरणात घेतलाय. मी मदतीला जाऊ शकलो नाही. ती अजूनही माझ्या कोंबड्यांना रोज दाणे टाकते, एवढं होऊनसुद्धा. शीळ घालत येते. मोठ्या मनाची बाई.

भाषणातून मी चौथा अर्थ काढायचा ठरवला होता. निर्दय म्हणून दुसऱ्याकडे बोट दाखवायला मला तोंड कुठे राहिलंय? मग वाटलं, नाही, तोही राहू दे. शब्द अर्धा सांगायचा नाही.

१४ नोव्हेंबर

आजचं सगळं लिहून ठेवतो.

वाचनघर दहा वाजताच भरलं. लवादाच्या लेथमबाई, पन्नाशीच्या, पायात चांगले चिखली बूट. ते बघून मला जरा बरं वाटलं. प्रेंटिस आधी बोलला. नकाशा, फोटो, तीन तारखा आणि पुन्हा ती ओळ, पडीक जमीन. आवाज नव्हता चढवला. माणूस वाईट नाही. त्याला झाडं लावायची आहेत, आणि झाडांशी माझंही वैर नाही.

मग माझी पाच मिनिटं. जॅकेट घालून गेलो होतो, हेस्टरने शिवलेलं.

म्हटलं, “बाई, या पत्रात फेल एका ओळीत संपवलाय. तो एवढासा नाही. एक फेल उत्तरेहून होड्यांतून आला, तो हा डोंगर. एक इथलाच, मेंढीचं कातडं. एक माझ्या बापाच्या कुऱ्हाडीतला, झाड पाडणारा. एक फ्रान्सातून आला, निर्दय माणसाला लावायचा. एक विनीच्या शिवणीतला, हा बघा, माझ्या बाहीत आहे. एक तिच्या मागावरचा, विणून झालं तिथली कड. आणि एक माझ्या गुडघ्यात आहे, तो दाखवत नाही.” लोक हसले. “सगळे वेगवेगळ्या वाटांनी आले. एकच नाव, तरी कुणी कुणाच्या जागेत शिरत नाही. विनी शिवायला बसते तेव्हा तिच्या कापडावर डोंगर येऊन बसत नाही. आमच्या आयांनी आम्हाला शिकवलं, कुठला कुठे उभा राहतो ते. यांना कुणी कुंपण घातलेलं नाही. आणि यांपैकी एकाचाही अर्थ पडीक असा नाही!”

विनीने टाळ्या वाजवल्या. प्रेंटिस वहीत काही लिहीत होता. मी पाणी प्यायलो.

“आता दुसरं. मेंढ्या कुणी सोडल्या ते मला माहीत आहे. मी सोडल्या.”

सगळं सांगितलं. नकाशा टेबलावर उलगडून ठेवला. भोक, नेच्याचं रान, लोकर, बुजवायला उचललेला दगडसुद्धा. “नकाशात नव्हतं ते मी बांधलं. मिसेस बर्कबेकचा यात काडीचा दोष नाही. शिक्षा असेल ती मला द्या.” आणि खाली बसलो.

प्रेंटिस उभा राहिला. “म्हणजे परवानगीशिवाय भोक पाडलं गेलं. आमचं म्हणणं अधिकच—”

“पाडलं नाही,” हेस्टर म्हणाली. बसूनच. “परत ठेवलं. मला एक सांग, प्रेंटिस. हद्द गडग्यापाशी संपते ना? उतरण कधीच आमची नव्हती ना? मग इतक्या वर्षांपूर्वी ज्या कुणी तो गडगा बांधला, त्याने त्यात मेंढ्यांसाठी दार कशाला ठेवलं? हवा खायला?”

लेथमबाईंनी पेन उचललं. मी हेस्टरकडे बघत राहिलो. ती माझ्याकडे बघतच नव्हती. अकरा दिवस हे तिच्या पोटात होतं!

प्रेंटिस म्हणाला, “ते जुनं होतं याला पुरावा काय? बांधणारे हेच गृहस्थ, आणि हे तुमचे शेजारी.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ताडकन उठलो, गुडघ्याने शिव्या घातल्या. “दगडाला विचारा! माथ्याच्या दगडाखालून हात फिरवा. मी छिन्नी हातोडा घेऊन दहा वर्षं घासला तरी तसा होणार नाही. तो मेंढ्यांच्या पाठींनी झालाय. लोकरीचं तेल मुरलंय त्यात.”

लेथमबाईंनी वही मिटली. “चला, वर जाऊ.”

हेस्टर म्हणाली, “जरूर. कळप कुरणात आहे. मी फाटक उघडते. कुणी हाकायचं नाही, कुत्राही बांधून ठेवते. आणि लवकर आटपा, पुढच्या आठवड्यात एडका सोडायचाय. तो लवादासाठी थांबणार नाही.”

मला तिने चारचाकी गाडीच्या मागच्या ट्रॉलीत बसवलं, गवताच्या पेंढीवर. बाकीचे चालत. वर गडग्याशी जाऊन सगळे बाजूला उभे राहिलो. प्रेंटिस पुन्हा ओल्या बुटांत.

मला सोडून ती खाली गेली, फाटक उघडलं आणि गाडी घेऊन दुसऱ्या वाटेने परत वर आली. पाच मिनिटं काहीच नाही. मग म्हातारी काळतोंडी मेंढी निघाली, दुसऱ्या तिच्या मागे, ओढ्याच्या कडेने, एकामागून एक, दोरीसारख्या. कुणी ओरडलं नाही. मेंढ्यांनी आमच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. वळणाशी आल्या. काळतोंडीने मान खाली घातली, पाठ माथ्याच्या दगडाला घासली आणि पलीकडे. मग दुसरी. मग तिसरी. सतराव्या मेंढीनंतर हेस्टरने ट्रॉलीला बांधलेला कुत्रा सोडून बाकीच्या वळवल्या. “पुरे. इस्टेटीची रोपंही जगली पाहिजेत.”

प्रेंटिस म्हणाला, “हे शिकवलेलंही असू शकतं.”

“कुत्र्याला शिकवता येतं,” हेस्टर म्हणाली. “मेंढीला फक्त तिची आई शिकवते. त्यांच्या आया कुठे शिकल्या ते विचार. तुझ्या नकाशात नसेल.”

लेथमबाई चिखलात गुडघ्यावर बसल्या, हातमोजा काढला, माथ्याच्या दगडाखाली हात घातला. बोटं वर करून वास घेतला. मग प्रेंटिसला म्हणाल्या, “तुम्हीही बघा.”

त्याने बघितलं. नीट बघितलं. बोटं रुमालाला पुसली नाहीत, हे मी लक्षात ठेवलंय.

२७ नोव्हेंबर

निकाल आला. कळपाने जागा सोडली नव्हती, जागेवर जाळी आली होती. चराई कायम. उतरणीच्या वरच्या पट्ट्यातून, मोठ्या दगडापर्यंत, जाळी खाली सरकवायची. तिच्याखाली झाडं राहतील. भोक तसंच ठेवायचं.

त्याच टपालाने मला इस्टेटीचं पत्र. यापुढे त्यांच्या कामावर मला बोलावणार नाहीत. दिलेल्या नकाशाप्रमाणे काम न केल्यामुळे. पत्र फ्रेम करून लावणार आहे. सत्तावन्न वर्षांत कामाचं पहिलंच प्रशस्तिपत्र.

१ डिसेंबर

हेस्टरने बोलावलं. नवा कूळकरार आलाय आणि लेथमबाईंनी लिहिलंय की फेलची व्याख्या दोन्ही बाजूंनी मिळून नव्याने करावी. हेस्टरने कागद माझ्यापुढे सरकवला. “लिही. आता चार ओळी दिल्यात त्यांनी.”

तासभर बसलो. सातही अर्थ घालून बघितले. शेवटी एकच ओळ राहिली: ‘फेल म्हणजे हाय रिगचा कळप आईमागून चालत जिथवर जातो तो डोंगर, भोकाच्या अलीकडचा आणि पलीकडचा.’

“हे वकिली नाही,” ती म्हणाली.

“नसू दे. प्रेंटिसने बोटांना वास लागू दिलाय. त्याला कळेल.”

तिने सही केली, शाई वाळू दिली. बाहेर बर्फ पडायला लागला होता. मी टोपी शोधू लागलो, तर ती तिच्याच हातात. म्हणाली, “त्या गुडघ्याने रोज टेकाड चढतोस-उतरतोस. इथे वरच्या खोलीत शेगडी आहे. हिवाळाभर राहा.”

म्हटलं, “आणि कोंबड्या?”

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच गडग्यातला कुठला तरी दगड आहे. “कोंबड्याही आण, एमॉस.”

उद्या सकाळी खुराडं ट्रॉलीवर घालतोय. बर्फात त्या बिचाऱ्या गारठल्या असत्या. तिच्या वेळेवर लक्षात आलं, हे बरं झालं.